मुंबई हायचे मेण

तेल सापडले की प्रदेशाचे भाग्य उजळते, असे आपण सहज बोलून जातो. कोणत्या जातीचे तेल, हे मात्र क्वचितच विचारतो. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रतळाखालचे तेल शोधले, तेव्हा मी लालबागच्या चाळीत बिगरीत होतो आणि वडील एका गिरणीत बॉयलरवर होते. त्या तेलाचा स्वभाव समजून घ्यायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

ते तेल हलके होते. त्यात गंधक जेमतेम 0.2 टक्के, आखाती तेलांत ते बहुधा दीड-दोन टक्के किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे रॉकेल-डिझेल भरपूर आणि तळाचा गाळ कमी. पण माहुलचे दोन तेलशुद्धीकरण कारखाने परदेशी कंपन्यांनी 1954 आणि 1955 साली उभारले होते, ते आयात तेलाच्या हिशेबाने. घरचे तेल आले तरी डांबर आणि वंगणासाठी आखाती तेल लागतच राहिले. उलट मुंबई हायच्या नॅफ्थ्यात सुगंधी हायड्रोकार्बने चांगली असल्याने माहुलला बेंझिन आणि टोल्युईन वेगळे काढण्याचा विभाग उभा राहिला.

खरी मेख मेणाची. हे तेल साधारण 30 अंशांखाली गेले की साकळू लागते, हिवाळ्यातल्या खोबरेल तेलासारखे. समुद्राचा तळ तर त्याहून थंड. 1978 साली उरणपर्यंत नळ टाकले गेले, आणि नळाच्या आत बसणारे मेण खरवडणे, ते साकळू नये म्हणून रसायने मिसळणे हा रोजचा उद्योग झाला. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाने समुद्रातल्या अभियांत्रिकीसाठी 1983 साली पनवेलला संस्था काढली. शुद्धीकरणानंतर उरणारे जड इंधनही असेच हट्टी. ‘एलएसएचएस’ या नावाने विकले जाणारे हे इंधन टाकीत वाफेच्या नळ्या फिरवून सतत गरम ठेवावे लागे. तरी गंधक कमी म्हणून धुराने गांजलेल्या चेंबूरशेजारी त्याला मान होता. 1984 साली ट्रॉम्बेला टाटांचा 500 मेगावॉटचा संच सुरू झाला, तो कोळसा, तेल आणि वायू या तिन्हींवर चालू शकणारा होता.

तेलाबरोबर वायूही वर येई. सुरुवातीला त्यातला बराच समुद्रावरच जाळला गेला. मग उरणला त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा होऊ लागला, 1985 च्या सुमारास थळला खतकारखाना आला आणि पुढे नागोठण्याला इथेन-प्रोपेनपासून प्लास्टिकचा कच्चा माल बनू लागला. हे तेल कोरडे असते, म्हणजे त्याबरोबर वायू नसता, तर रायगडच्या किनाऱ्याचा नकाशा वेगळा दिसला असता.

व्हेनेझुएलाचे उदाहरण याच्या उलट आहे. ओरिनोको खोऱ्यातले तेल इतके जड की ते वाहतच नाही. तिथल्या संशोधन संस्थेने 1980 च्या दशकात सुमारे 30 टक्के पाणी मिसळून त्याचे ‘ओरिमल्शन’ हे इंधन केले. वाईट तेलाने तिथे मुळाशीच डोके चालवायला लावले. आपले तेल बहुतांशी गुणी, म्हणून आपली बुद्धी मेण आणि वायू याच दोन अडचणींवर जास्त खर्च झाली, असे माझे मत आहे.

आता लालबाग. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर आले. वायूवरचे कारखाने उभे राहिले ते याच वर्षांत, खाडीपलीकडे. पण गिरणीला हजारो हात लागत. अमोनियाच्या कारखान्याला लागत ती मापनयंत्रांकडे पाहणारी मोजकी माणसे. तेल जड असते तर रोजगार जास्त मिळाला असता, असे काही मी म्हणणार नाही. या उद्योगाची जातच भांडवलाची. लालबागच्या वाट्याला आली ती ज्योत: आधी रेशनचे रॉकेल, मग सिलिंडर, आणि 1995 साली महानगर गॅस स्थापन झाल्यावर पुढे हळूहळू नळाचा गॅस. दिवाळीत चिवडा गल्लीतून जाताना कढयांखालची निळी आच बघत मी थोडा वेळ उभा राहतो. मसाल्याचा ठसका बसला की पुढे सरकतो.

संपानंतर वडिलांनी खाडीपलीकडच्या एका कारखान्यात अर्ज केला होता. पंचवीस वर्षे वाफ सांभाळलेला माणूस. जड इंधन गरम ठेवायला तिथेही वाफच लागे. त्यांना डिप्लोमा विचारला गेला. त्यांच्याकडे होते ते बॉयलर अटेंडंटचे दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र. ते अजून आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे, कडेने तेलकट डाग पडलेले.