एकूण हातांचा नियम

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये दोन्ही जोड्या बोलीत उतरल्या असताना आणखी वर चढायचे, की पास म्हणून प्रतिपक्षाची बोली त्यांच्याच गळ्यात राहू द्यायची, हे ठरवण्यासाठी वापरला जाणारा ठोकताळा. तो फ्रेंच ब्रिजपटू झाँ-रने व्हेर्न यांनी मांडला : आधी १९६६ सालच्या फ्रेंच पुस्तकात आणि मग १९६९ साली ‘द ब्रिज वर्ल्ड’ या अमेरिकी मासिकात. लॅरी कोहेन यांच्या ‘टू बिड ऑर नॉट टू बिड’ (१९९२) या पुस्तकामुळे तो क्लबात खेळणाऱ्या सामान्य खेळाडूपर्यंत पोचला. आपल्या जोडीने आपला सर्वांत लांब रंग हुकूम केला तर आपल्याला मिळतील तेवढे हात, अधिक प्रतिपक्षाने त्यांचा सर्वांत लांब रंग हुकूम केला तर त्यांना मिळतील तेवढे हात, ही बेरीज दोन्ही हुकमांच्या पानांच्या बेरजेएवढी असते, असे हा नियम सांगतो. आपल्याकडे इस्पिकची आठ पाने आणि त्यांच्याकडे बदामची आठ असतील, तर एकूण हात सोळा. त्यांतले कोणाच्या वाट्याला किती येतील, यावर नियम काहीच बोलत नाही. ही त्याची उणीव वाटते खरी, पण बोलीच्या वेळी समोरची पाने दिसत नसताना हेच त्याचे बळ ठरते.

बेरीज स्थिर का राहते, ते एका राजावरून कळते. चौकटचा एक्का आणि राणी आपल्या भिडूकडे आहेत, राजा प्रतिपक्षाकडे. राजा भिडूच्या अगोदर पान टाकणाऱ्याकडे असेल, तर इस्पिक हुकूम असताना आपला फिनेस लागतो आणि एक हात वाचतो. मात्र बदाम हुकूम असेल, तर तोच राजा एक्का-राणीच्या तोंडी सापडून त्यांचा एक हात जातो. राजा भिडूच्या मागे बसला असेल, तर दोन्ही गोष्टी उलट होतात. म्हणजे नशिबाने हात एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो, बेरजेत फरक पडत नाही. नेमकी हीच अनिश्चितता बोली लावणाऱ्याला छळत असते, आणि नियम ती हिशेबातूनच काढून टाकतो.

खरी गंमत गुणतक्त्यात आहे. दोन्ही बाजू व्हल्नरेबल नाहीत, प्रतिपक्ष तीन बदामवर आहे आणि आपण तीन इस्पिक म्हणावे का, हा प्रश्न आहे असे धरू. एकूण हात सतरा असतील आणि ते नऊ-आठ असे आपल्या बाजूने विभागले असतील, तर आपल्याला १४० मिळतात. पास म्हटले असते, तर त्यांची बोली एका हाताने बुडून जेमतेम ५० मिळाले असते. विभागणी उलट असेल, तर आपण ५० गमावतो, पण पास म्हणून १४० गमावले असते. विभागणी दहा-सात किंवा सात-दहा असली तरी, डबल पडले नाही तर, वर जाणेच फायद्याचे ठरते. सोळा हातांचे गणित मात्र वेगळे. आठ-आठ अशी विभागणी असताना दोघांचीही बोली बुडते, आणि तीन इस्पिक म्हणणारा मिळणाऱ्या ५० ऐवजी ५० देऊन बसतो. नऊ-सात किंवा सात-नऊ असेल तर वर जाण्याने ४० गुणांचा फायदा होतो. सांघिक सामन्याच्या आयएमपी कोष्टकात १०० गुणांच्या फरकाला तीन आणि ४० गुणांच्या फरकाला एक आयएमपी मिळतो, म्हणून तिथे सोळावर पास म्हणणे शहाणपणाचे. पेअर्समध्ये फरकाच्या आकारापेक्षा तो किती वेळा पडतो याला महत्त्व असल्याने निर्णय इतका सोपा राहत नाही.

त्यांच्या हुकमाची पाने आपण कशी मोजणार, हा आक्षेप इथे लगेच येतो. त्याचे अर्धे उत्तर साध्या अंकगणितात आहे. आपल्या जोडीकडे इस्पिकची नऊ पाने असतील, तर त्यांच्या सव्वीस पानांत इस्पिक चारच. उरलेली बावीस पाने तीन रंगांत वाटायची म्हटली, की एका रंगाची किमान आठ असणारच. म्हणजे नऊ हुकूम असले की बेरीज किमान सतरा होतेच, आणि सतरावर तीनची बोली का पेलते ते वर दिसले आहे. कोहेन यांच्या पुस्तकाने रूढ केलेला संकेत, म्हणजे आठ हुकमांवर दोनपर्यंत, नऊवर तीनपर्यंत आणि दहावर चारपर्यंत जावे, याच हिशेबातून निघतो. चार हुकमांच्या आधारावर थेट तीनवर उडी मारणारी मार्टी बर्गन यांची पद्धतही याच पायावर उभी आहे.

नियमावर सर्वांत जड हल्ला झाला तो अचूकतेच्या मुद्द्यावर. मॅथ्यू गिन्सबर्ग यांनी संगणकाकडून चार लाखांहून अधिक डाव सोडवून घेतले, तेव्हा बेरीज नेमकी जुळली ती सुमारे ४० टक्के डावांत. पुढे माइक लॉरेन्स आणि अँडर्स व्हिर्ग्रेन यांनी २००४ सालच्या पुस्तकात दाखवले, की हात ठरतात ते हुकमाच्या लांबीवरून नव्हे, तर जोडीतले आखूड रंग आणि कामाला येणारी चित्रे यांवरून. कारणमीमांसा म्हणून त्यांचे म्हणणे मान्यच करावे लागते. पण बोलीत खेळाडूला हातांची बेरीज सांगायची नसते, फक्त हो की नाही एवढेच ठरवायचे असते. आपण सतरा धरले आणि प्रत्यक्षात अठरा निघाले, तर निर्णय आणखीच बरोबर ठरतो. सोळा निघाले, तर तो फक्त आठ-आठच्या विभागणीत चुकतो. चूक घातक ठरते ती बेरीज पंधरावर घसरली तर. एका हाताची चूक गुणतक्ता बरीचशी पोटात घालतो, ४० टक्क्यांचा आकडा वाटतो तेवढा भेदक नाही तो यामुळे. शिवाय भिडूचा आखूड रंग बोलीतून क्वचितच कळतो, हुकमाची लांबी मात्र त्याने आधार देतानाच जाहीर केलेली असते. व्हिर्ग्रेन यांचे मोजमाप पाने उघडल्यावर सरस ठरते, बोलीच्या वेळी त्यातला निम्मा मजकूर झाकलेला असतो.

या टीकेतून नियम कुठे खाली धरायचा, तेही कळते. आपली पाने ४-३-३-३ अशी सपाट असतील, किंवा त्यांच्या रंगातली राणी-गुलाम आपल्याकडे अडकलेली असतील, तर एक हात कमी धरावा, कारण बचावात ती पाने हात काढतात आणि आपल्या हुकमात निकामी ठरतात. दोन्ही भिडूंचे दोन रंग जुळत असतील, तर एक हात जास्त धरावा.

वरचे आकडे व्हल्नरेबल नसतानाचे आहेत, हे विसरून चालत नाही. व्हल्नरेबल असताना सतरांपैकी आपल्याला आठच हात मिळाले आणि प्रतिपक्षाने डबल दिले, तर २०० जातात, पास म्हटले असते तर १४० गेले असते. पेअर्समध्ये गेमखालच्या डावात २०० गमावणे म्हणजे जवळपास तळ गाठणे, कारण अशा पुऱ्या झालेल्या बोल्यांना बहुतेक ९० ते १७० गुणच मिळतात. पाचच्या पातळीवर तर जुना संकेत असा, की ती जागा प्रतिपक्षाला सोडावी. तिथे त्यांची चारची बोली आधीच बुडणार असेल, तर पाचवर जाणारा आपला फायदा स्वतःहून त्यांच्या हाती देतो.