दरवाजा न फोडता दगडाच्या आत कसे पाहावे?

गुलमंडीतून टिळक पथाने दक्षिणेकडे निघाले की पैठण दरवाजा लागतो. औरंगजेबाच्या काळात, १६८२ च्या सुमारास, शहराभोवती तट उभा राहिला. त्याच्या चार मुख्य दरवाजांपैकी दक्षिणेचा तो हा. रोज हजारो लोक जवळून जातात. त्यातील दगड आतून किती खचला आहे, हे मात्र डोळ्यांना कळत नाही.

गाभ्याचा नमुना काढणे हा सरळ उपाय. पुलाच्या खांबाला तो चालतो. वारसावास्तूत एकदा पाडलेले भोक कायमचेच.

आधी दगड समजून घेऊ. दख्खनचा बेसाल्ट एकजिनसी नाही. काही थर घट्ट व काळे, तर काहींतील पोकळ्या झिओलाइटसारख्या खनिजांनी भरलेल्या. त्यांत चिकणमातीची खनिजे असली, तर ती पावसात फुगतात आणि उन्हात आकसतात. म्हणूनच एकाच भिंतीतील शेजारचे दोन चिरे वेगवेगळ्या गतीने झिजतात.

पाथरवट हातोडीने टकटक करून नाद ऐकतो. पोकळ दगड बद्द वाजतो. अल्ट्रासॉनिक चाचणीचे तत्त्व याहून फार दूर नाही. एका बाजूने ध्वनिलहर सोडायची आणि दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोहोचते हे मोजायचे. ताज्या, घट्ट बेसाल्टमध्ये तिचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ६ किलोमीटर असतो. तडे व सूक्ष्म पोकळ्या वाढल्या की तो घसरतो.

श्मिट हॅमर ही १९५० च्या सुमारास मुळात काँक्रीटसाठी पुढे आलेली युक्ती. स्प्रिंगचा दट्ट्या पृष्ठभागावर आदळतो आणि किती उसळला, त्यावरून काठिण्य कळते. तिला ‘अविनाशी’ चाचण्यांत गणतात खरे, पण ठिसूळ नक्षीवर ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे तो आघातच ठरतो.

बीबी का मकबऱ्यात संगमरवर मोजक्याच भागांत आहे; बाकी बरेच बांधकाम बेसाल्टचे आणि वर चुन्याचा नितळ गिलावा. असा गिलावा कुठे सुटला आहे, ते इन्फ्रारेड कॅमेरा दाखवतो. मागे हवेची पोकळी असली की तो भाग उन्हात लवकर तापतो आणि सूर्यास्तानंतर लवकर निवतो.

कार्स्टन नळी तर अगदी साधी. काचेची मापनळी पुट्टीने भिंतीला चिकटवायची, पाणी भरायचे आणि ठरावीक मिनिटांत दगड किती पाणी पितो ते पाहायचे. जुन्या सांध्यांत सिमेंट भरलेल्या भिंतींवर ही चाचणी विशेष बोलकी ठरते. सांधे बंद झाल्याने आतला ओलावा दगडातूनच बाहेर पडू लागतो, पृष्ठभागाशी क्षार साचतात आणि पापुद्रे सुटतात. दुरुस्तीच दगडाच्या मुळावर येते!

आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मोडी वाचायला शिकवतात, दगड वाचायला नाही. त्यामुळे एक गोष्ट मला उशिरा उमगली: यातील एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तोच चिरा, तीच जागा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, वर्षानुवर्षे मोजावी लागते. आणि ती नोंद पुढच्या माणसाला सापडेल अशी ठेवावी लागते.