आजीचा जाड चष्मा कुठे गेला?



आपल्या लहानपणी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली आजी लांबूनच ओळखू यायची, ती तिच्या जाड भिंगाच्या चष्म्यावरून. त्या चष्म्यातून तिला भाकरी होती त्यापेक्षा मोठी दिसायची, पायरीचा अंदाज चुकायचा, बाजूने येणारं जनावर दिसायचंच नाही. चष्मा फुटला की चूल पेटवणंही अवघड. आज ऑपरेशन झालेल्या बाईच्या डोळ्यांवर तसला चष्मा दिसत नाही. गेला कुठे तो? तो डोळ्याच्या आत गेला. कसा, ते आज सांगते.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं आपलं स्वतःचं भिंग गढूळ होणं. पूर्वी डॉक्टर ते काढून टाकत, पण त्या जागी काही बसवत नसत. म्हणून बाहेरून जाड काच लावावी लागे.

इंग्लंडमध्ये हॅरोल्ड रिडली नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात विमानाचं काचेसारखं प्लास्टिकचं झाकण फुटून वैमानिकांच्या डोळ्यात तुकडे जात. रिडलींच्या लक्षात आलं, की हे तुकडे आत राहिले तरी डोळा फारसा चिडत नाही. मग याच प्लास्टिकचं भिंग का करू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ४५ वर्षांच्या एका बाईच्या डोळ्यात असं भिंग बसवून पाहिलं.

भिंग डोळ्याने स्वीकारलं, पण नंबराचा हिशेब चुकला. बाईला लांबचं नीट दिसेना. रिडलींनी चूक सुधारली. हिशेब पुन्हा मांडून पुढची भिंगं केली. मग दुसरी अडचण. भिंग जंतुरहित करायला वापरलेल्या औषधाचा अंश त्यावर राही आणि डोळा सुजे. ती पद्धत बदलली. तिसरी अडचण वजनाची. जड भिंग कधी कधी जागा सोडून मागे घसरे. मग पुढच्या लोकांनी भिंग हलकं केलं, त्याला दोन्ही बाजूंना केसासारखे बारीक, वाकडे हात दिले, म्हणजे ते जागेवर अडकून राहील. पुढे घडी होणारं भिंग आलं. ते बारीक छेदातून आत जातं आणि आत उलगडतं. रिडलींना त्यांच्याच व्यवसायातल्या कितीतरी मोठ्या डॉक्टरांनी विरोध केला होता. १९९० साली त्यांना स्वतःला मोतीबिंदू झाला, तेव्हा त्याच रुग्णालयात त्यांच्या डोळ्यात भिंग बसलं.

पण चांगली वस्तू झाली म्हणून ती गरिबाच्या घरी पोचतेच असं नाही. १९८० नंतरच्या काळात परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती. आपल्याकडच्या शेतमजूर बाईने ते कुठून घ्यायचं?

तमिळनाडूत मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं होतं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्या बोटांनी त्यांनी हजारो डोळे उघडले. त्याच संस्थेने १९९२ मध्ये भिंगं बनवण्याचा कारखाना काढला, ऑरोलॅब. भिंगाची किंमत दहा डॉलरच्या घरात आली आणि पुढे आणखी उतरली. भिंग बनवणारे आणि ते डोळ्यात बसवणारे एकाच घरचे. डॉक्टरला काही खटकलं तर निरोप कारखान्यात पोचायला सातासमुद्रापार जावं लागत नव्हतं. आज ही भिंगं शंभराहून जास्त देशांत जातात. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात आपला महाराष्ट्रही होता. त्याच काळात आपल्या शिबिरांतून जाड चष्मा हळूहळू मागे पडत गेला.

मैत्रिणींनो, या सगळ्यातून एक गोष्ट घ्या. भिंग सुधारलं, कारण कुणीतरी सांगितलं की दिसत नाही, दुखतंय, सुजलंय. आणि कुणीतरी ते ऐकून वहीत लिहिलं. बाई मुकाट सोसत राहिली असती, तर हिशेबातली चूक कळली असती का?

म्हणून घरात कुणाचं ऑपरेशन झालं तर कागद जपा. भिंगाच्या डबीवर कंपनीचं नाव, नंबर, बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेली असते. त्याचं स्टिकर कार्डावर लावून मागा. एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला तर ती कुणाकुणाच्या डोळ्यात गेली, हे त्यावरूनच कळतं. २००५ पासून डोळ्यातलं भिंग सरकारच्या औषध कायद्याखाली येतं, तेव्हा तक्रार करणं हा आपला हक्क आहे. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक झाला तर 'होईल बरं' म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि मोतीबिंदू पूर्ण 'पिकेपर्यंत' थांबायची रीतही आता जुनी झाली. सुईत दोरा ओवता येईना, तांदूळ निवडता येईना, की तपासून घ्या.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एकच विचारा, आपल्यातल्या कितीजणींच्या घरी ते कार्ड जपून ठेवलंय?