हाताने दिलेला श्वास

लखनौच्या गोमती नगरमधून बोलतोय. आजची गोष्ट लढाईची नाही, श्वासाची आहे.

आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार सीओपीडीचे जुने रुग्ण. एका रात्री धाप वाढली म्हणून मुलाने ऑक्सिजन वाढवला. ऑक्सिमीटरवर ९९ आलं. "कर्नलसाहेब, बाबूजी आता शांत झोपलेत," तो म्हणाला. मी हाका मारल्या, हलवलं. ते डोळे उघडेनात. ती झोप नव्हती, कार्बन डायऑक्साइडची गुंगी होती. हा वायू पुरेसा बाहेर पडला नाही की रक्तात आम्ल वाढतं. हीच श्वसनजन्य आम्लता, म्हणजे रेस्पिरेटरी अ‍ॅसिडोसिस. ऑक्सिमीटरला ती दिसत नाही.

आकड्याने डॉक्टरही एकदा फसले होते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रक्तात बायकार्बोनेट जास्त निघे, म्हणून अल्कली वाढली असा समज होता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी उलट सांगितलं: श्वास अपुरा पडतोय, वायू साठतोय.

२७ ऑगस्टला एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली गेली. ती धडपडू लागली, तेव्हा पेंटोथाल देऊन तिला निजवलं आणि रबरी पिशवी दाबत श्वास दिला. वायू उतरला, मुलगी वाचली. पोल आस्ट्रुप यांनी रक्ताचा पीएच मोजून आम्लता दाखवून दिली. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, महिनोन्महिने, हातांनी पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथे झाली. आपल्याकडे मण्यार चावून श्वास थांबलेला माणूस आजही अशाच पिशवीवर तग धरतो.

उपचाराचं सूत्र तेच आहे: साठलेला वायू बाहेर काढा आणि मूळ कारणावर इलाज करा. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ च्या वर गेला की निदान होतं. सीओपीडीत नेब्युलायझर, बायपॅप मास्क, नाही भागलं तर व्हेंटिलेटर. ऑक्सिजन द्यायचाच, पण मोजून. अशा रुग्णात ८८ ते ९२ टक्के पुरे.

सुभेदारसाहेबांना त्याच रात्री रुग्णालयात बायपॅप लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला. तेव्हा मंडळी, धापेचा रुग्ण अचानक गाढ झोपला, तर आकडा बघून निर्धास्त होऊ नका. हाक मारा. ओ आली नाही, तर थेट रुग्णालय गाठा.