शब्दवेध : तालुका
‘तालुका’ हा शब्द अरबी ‘तअल्लुक’पासून फारसी दफ्तरांच्या वाटेने मराठीत आला, त्याचा अर्थ संबंध, आणि मूळ धातूचा अर्थ लोंबकळणे, चिकटून राहणे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून विभक्त झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात असे सहा ‘संबंध’ आहेत. त्यांतील एकाचे तर नाव अक्राणी आणि ठाणे धडगाव. सातपुड्यातील एखाद्या पाड्यावरून जातीच्या दाखल्यासाठी डोंगर तुडवीत आलेल्या, मळकट पिशवीतून शिधापत्रिका जपून काढणाऱ्या म्हाताऱ्यास, ‘आमचा संबंध नाही, प्रांतसाहेबांकडे जा’ असे कोठलाही कारकून मान वर न करता जेव्हा बजावतो, तेव्हा तो नकळत व्युत्पत्तीचा पहिला अर्थ खोडून काढीत असतो. दुसऱ्याचे पालन अर्ज निकालात निघेपर्यंत बिनबोभाट चालते.