हिशेबपट्टीवर २१ चे २३ कसे होतात? जुना प्रिंटर, नवा मायक्रोकंट्रोलर आणि मधला ‘नॉइज’

तिवसा असो की अकोला, अडत्याच्या किंवा पतसंस्थेच्या टेबलावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून दिसतो. कार्बन लावून एकदम तीन प्रती काढायच्या तर ठोकून छापणारं यंत्रच लागतं. अडचण एवढीच, की त्याला लागणारं २५ पिनांचं पॅरलल पोर्ट नव्या लॅपटॉपवर नसतं. म्हणून हौशी मंडळी मध्ये काहीशे रुपयांचा ईएसपी३२ बोर्ड बसवतात आणि वाय-फायवरून छापतात. जमतंही. मग एक दिवस कूलर सुरू होतो आणि कागदावर भलतीच अक्षरं उमटतात.

भलती अक्षरं आली तर बरंच म्हणायचं, ती निदान दिसतात. आस्की कोडमध्ये १ आणि ३ यांत फरक फक्त एका बिटाचा, म्हणजे एका तारेचा. तेवढी तार चुकली की २१ क्विंटल तूर २३ होते. पॅरलल पोर्टमध्ये अशी चूक पकडायची सोयच नाही.

नेमकं बिघडतं काय?

आठ तारांवर एक अक्षर मांडलं जातं. मग ‘स्ट्रोब’ ही नववी तार अर्धा मायक्रोसेकंद किंवा थोडा जास्त वेळ खाली जाते आणि प्रिंटर ते अक्षर उचलतो. शेजारच्या सात-आठ तारा एकदम बदलल्या की त्यांचा धक्का स्ट्रोबला बसतो. प्रिंटरला वाटतं दुसरं अक्षर आलं, आणि ५ चे ५५ होतात.

सोल्डरिंग गन उचलण्याआधी चाचणी घ्या. आधी प्रिंटरची स्वतःची चाचणी छापा (एप्सनच्या अनेक जुन्या मॉडेलांत लाइन फीडचं बटण दाबून ठेवून प्रिंटर सुरू करायचा). ती नीट आली तर दोष जोडणीत आहे. मग एक ओळ नुसत्या कॅपिटल ‘ए’ची छापा, दुसरी कॅपिटल ‘यू’ आणि तारका (*) आलटून पालटून. ‘यू’ आणि तारका यांत सात बिट उलटतात. पहिली ओळ बरोबर आणि दुसरी चुकीची, तर दोष केबलचा. दोन्ही सतत चुकत असतील, तर व्होल्टेज किंवा वेळेचा. फक्त कूलर किंवा मोटर सुरू होताना चुकत असतील, तर वीजपुरवठ्याचा किंवा अर्थिंगचा.

केबलचा दोष सगळ्यात सोपा. ती मीटरभराच्या आत ठेवा. १८ ते २५ या आठही पिना ग्राउंडच्या असतात. एकच जोडून भागवू नका, बहुतेकांची चूक इथेच होते. स्ट्रोबच्या तारेत बोर्डाच्या बाजूला ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर टाका.

व्होल्टेजचं असं, की ईएसपी३२ ३.३ व्होल्टवर चालतो आणि प्रिंटर ५ वर. जाणाऱ्या तारांसाठी ५ व्होल्टवर ७४एचसीटी२४५ चिप लावा. प्रिंटरकडून येणाऱ्या ‘बिझी’ तारेसाठी ३.३ व्होल्टवर ७४एलव्हीसी२४५ लावा. ती ५ व्होल्ट सहन करते, ईएसपी३२ करत नाही. प्रत्येक चिपच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

आपल्याकडचं खरं दुखणं अर्थिंग

काळी माती एप्रिल-मेमध्ये वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. पावसाळ्यात बिनबोभाट चालणारी जोडणी उन्हाळ्यात रुसते ती यामुळेही. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघा. दोन-तीन व्होल्ट ठीक. दहा-वीस दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लगची तिसरी पिन कुणी तोडली असेल, तर प्रिंटरच्या सांगाड्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत राहू शकतात. करंट थोडाच असतो, पण चालू प्रिंटरला केबल लावताना तो सिग्नलच्या पिनेतून गेला तर पोर्ट जळतं. म्हणून केबल लावायची ती दोन्ही यंत्रं बंद करूनच. कूलर वेगळ्या बोर्डवर घ्या.

दुरुस्तीनंतर कूलर चालू-बंद करत शंभर ओळी छापून बघा. आणि पावतीवर आकड्याशेजारी रक्कम अक्षरीही छापा: बिट चुकला तर ‘तेवीस’ होत नाही, शब्दच मोडतो आणि शेतकऱ्याला तिथल्या तिथे दिसतो.