शहर मांडायचे कसे?

वस्तुसंग्रहालयांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा वस्तूंविषयी असते. वस्तू कुणाच्या शेजारी ठेवली, पाटीवर काय लिहिले, काय गाळले आणि हे सारे पाहायला बोलावले कुणाला, याची विचारपूस क्वचितच होते. अलीकडे या विचारपुशीचाच एक अभ्यासविषय झाला आहे. त्यात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना फार लांबचे दाखले द्यायची गरज नाही; भायखळ्याला राणीच्या बागेत गेले तरी पुरे.

तिथले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी उघडले, तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होते. ज्यांच्या खटपटीवाचून ते उभे राहिले नसते, त्या भाऊ दाजींचे नाव त्याला मिळायला 1975 साल उजाडले. मुंबईची गोष्ट सांगावी म्हणून काही हा संग्रह जमवलेला नव्हता. देशातला कच्चा माल, कारागिरी आणि धंदे साम्राज्याच्या नजरेने मांडून दाखवावेत, हा मूळ हेतू. मातीच्या छोट्या प्रतिकृतींचे कपाट सावकाश पाहा. पगडी, पागोटे, फेटा यांच्या घड्या इतक्या बारकाईने घडवल्या आहेत की डोक्यावरून जमात ओळखावी. कसब अस्सल आहे, पण ज्याचे हे डोके, त्याला नाव नाही. जात आणि धंदा एवढीच त्याची ओळख. शहराचा इतिहास सांगू पाहणाऱ्या संग्रहालयाची खरी अडचण इथे सुरू होते: जमातींचे नमुने हाताशी आहेत, माणसे मात्र नाहीत.

ही उणीव नव्या वस्तू आणून सहसा भरून निघत नाही. तिथे प्रदर्शन कामाला येते. मोठ्या जीर्णोद्धारानंतर 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले आणि पुढे सुदर्शन शेट्टी, एल. एन. तल्लूर, जितीश कल्लाट अशा कलावंतांची कामे जुन्या कपाटांच्या सान्निध्यात मांडली गेली. असे प्रयोग दर वेळी साधतात असे मला वाटत नाही. कधी कधी नवी कलाकृती देखण्या वास्तूचा दिमाख नुसताच उसना घेते. साधले, तर जुने कपाटच प्रेक्षकाला प्रश्न विचारू लागते.

व्याख्याने, कार्यशाळा, चित्रपट हे याच कामाचे दुसरे अंग. त्यांचे मोल खुर्च्या किती भरल्या यावर ठरवू नये. त्या कुणी भरल्या, ते पाहावे. शेजारी लालबाग-परळ, म्हणजे गिरणगाव आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून गिरणगावचा इतिहास लिहिला, तसे बोलते साहित्य इथे हाताशी आहे. आणि रविवारी बागेतले पेंग्विन पाहायला डबा घेऊन आलेले कुटुंब तर दारातच उभे असते. त्याला आत येऊन वाचावीशी वाटेल अशी मराठी पाटी लिहिणे, हे मी या क्षेत्रातले सर्वांत अवघड लेखन मानतो. इंग्रजी मजकुराचा शब्दशः तर्जुमा तिथे चालत नाही.

वाचकाने स्वतःच हे करून पाहावे. संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले ते त्याच्यावरून. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात तो पडून फुटला; पुढे तुकडे जोडून या बागेत उभा केला गेला. त्याची पाटी चाळीस शब्दांत लिहा, आणि पहिले वाक्य कशाला द्यायचे ते ठरवा: बेटाला, घडवणाऱ्याला, की नेणाऱ्याला?